विश्लेषण : ‘राजा केळकर’ राजे नव्हते, मग कोण होते? अडकित्ता, तांब्या आणि ओगराळे संग्रहालयात नेणाऱ्या माणसाची गोष्ट

सोमवार हा बेल्ह्याच्या बाजाराचा दिवस. जुन्नर तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातले हे गाव कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर आहे. इथला बैलबाजार आसपासच्या तालुक्यांत माहीत आहे. पण सोमवारी इथे फक्त बैल विकले जात नाहीत. भाजी, कपडे, दोरखंड, चपला आणि भांडी यांचीही पाले लागतात. भांड्यांच्या पालावर एक जुना व्यवहार चालत आला आहे. घरातले पितळेचे भांडे आणायचे, ते तराजूत पडते, मोडीचा भाव लागतो आणि घरी जाताना हातात स्टीलचा डबा असतो.

माझ्या आजीने साधारण पंचवीस वर्षांपूर्वी हा व्यवहार केला. एक पितळी परात, दोन तांबे, एक ओगराळे आणि एक अडकित्ता. परातीच्या काठावर तिचे नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले होते, लग्नाच्या तारखेसह. भाव वजनावर ठरला. नावाचे वेगळे पैसे मिळाले नाहीत, मिळणारही नव्हते.

पुण्यात शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगत, अशाच वस्तू काचेमागे मांडलेल्या आहेत आणि लोक तिकीट काढून त्या पाहतात. परात तीच, तांब्या तोच, अडकित्ताही तसाच. मग एक भट्टीत आणि दुसरा काचेमागे का? त्याचे उत्तर बऱ्याच अंशी एका माणसाच्या आयुष्यात आहे.

‘राजा’ ही पदवी आहे का?

‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ ही पाटी वाचून अनेकांचा गैरसमज होतो. एखादे संस्थान असावे, दिनकर केळकर नावाचे राजे असावेत आणि त्यांनी आपला खजिना लोकांसाठी खुला केला असावा, असे वाटते. गूगल मॅपवर जागा शोधताना मलाही शाळेत असल्यापासून तसेच वाटत होते.

प्रत्यक्षात हे नाव मराठी पद्धतीने वाचायचे आहे. आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव. राजा हे एका मुलाचे नाव. दिनकर हे त्याच्या वडिलांचे. राजा हा दिनकर आणि कमलाबाई केळकर यांचा एकुलता एक मुलगा. तो लहानपणीच गेला. वडिलांनी पुढे आयुष्यभर जमवलेल्या हजारो वस्तूंवर त्याचे नाव घातले. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात, तसेच.

चष्म्याच्या दुकानातला कवी

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ चा. पुण्यात घरचे चष्म्याचे दुकान होते. लोकांच्या डोळ्यांना नंबर लावून देणे हा पोटापाण्याचा उद्योग आणि कविता हा जिवाचा. कविता ते ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहीत. इतिहासात रमणारा, मराठेशाहीच्या खुणा शोधणारा कवी, अशी त्यांची ओळख होती. भा. रा. तांबे यांच्या कवितांचा एक भागही त्यांनी संपादित केला. त्या काळच्या मराठी काव्याशी त्यांचा संबंध हौशी वाचकाएवढाच नव्हता, हे यावरून कळते.

संग्रहाची सुरुवात मात्र कुठल्याही मोठ्या संकल्पाने झाली नाही. साधारण १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू आणायला सुरुवात केली, ती आपले छोटेसे दुकान जरा देखणे दिसावे म्हणून. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला थांबावे लागते. तेवढ्या वेळात त्याला पाहायला काहीतरी हवे. आज दवाखान्यात टीव्ही लावतात, तसेच समजा.

इतिहासाची ओढ असलेला माणूस सरदार घराण्यांकडे जाणार, हे ओघाने आले. तिथे त्याला तलवारी, ढाली, पगड्या, कागदपत्रे दिसणार. केळकरांनी शस्त्रेही जमवली. पण त्यांची नजर दिवाणखान्यातून आत वळली. माजघरात गेली, स्वयंपाकघरात गेली, न्हाणीघरात गेली. तिथे त्यांना दिवे दिसले, विळ्या दिसल्या, पानाचे डबे, चुन्याच्या डब्या, तांबे, झाऱ्या, पंचपाळी दिसली. पाय घासायच्या वजऱ्या दिसल्या. दौती, कुलुपे, फण्या दिसल्या. आणि अडकित्ते दिसले.

वाडा पाहायला गेलेला पाहुणा स्वयंपाकघरापर्यंत जात नाही. हा गेला. मला तरी केळकरांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना हीच वाटते, कारण पुढचे सगळे त्यातून आले.

१९६० पर्यंत त्यांच्याकडे सुमारे १५ हजार वस्तू जमल्या होत्या. इंजिनीअरिंगची सवय म्हणून भागाकार करून पाहिला. ४० वर्षांत १५ हजार म्हणजे वर्षाला ३७५. रोज एकापेक्षा किंचित जास्त. एका माणसाचा, स्वतःच्या खिशातून चाललेला हा वेग आहे. मागे संस्थान नव्हते, सरकारी अनुदान नव्हते. चष्म्याचे दुकान होते. गावोगाव फिरणे, कुणाच्या माळ्यावर काय पडले आहे याचा माग काढणे, घासाघीस करणे आणि घेतलेली वस्तू घरी आणून ठेवणे हे त्यांचे जगणेच झाले. आणलेली वस्तू ठेवायची कुठे, हा प्रश्न त्या घरात किती वेळा उभा राहिला असेल, याची कल्पना कमलाबाईंच्या बाजूने करून पाहावी. पुण्यात सगळे त्यांना काका केळकर म्हणू लागले.

अडकित्त्यात एवढे काय आहे?

केळकरांच्या संग्रहातला सर्वांत बोलका भाग अडकित्त्यांचा आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

शाळेच्या विज्ञानात तरफेचे तीन प्रकार शिकवतात. दुसऱ्या प्रकारात टेकू एका टोकाला, बल दुसऱ्या टोकाला आणि भार मध्ये असतो. उदाहरण म्हणून पुस्तकात अडकित्त्याचेच चित्र असायचे. सुपारी टणक असते, हाताने फुटत नाही. ती टेकूजवळ ठेवली आणि लांब दांडे दाबले, की थोड्या जोरात काम होते. यंत्र म्हणून अडकित्त्याला तीनच गोष्टी लागतात : एक खीळ, एक पोलादी पाते आणि दोन दांडे. बाकी आकार कसाही असला तरी सुपारी कातरली जाते.

या ‘कसाही’मध्ये कारागिराने जे करून ठेवले, ते पाहण्यासारखे आहे. खिळीच्या जागी पोपटाचे डोके. पाते म्हणजे घोड्याची छाती. दांड्यांच्या टोकाला मोर. कुठे दांड्यांना लहान घुंगरू, म्हणजे सुपारी कातरताना आवाज व्हावा. आणि काही अडकित्त्यांत दोन दांडे म्हणजे दोन माणसे, एक स्त्री आणि एक पुरुष. अडकित्ता उघडा असताना ती दूर असतात. तुम्ही मूठ आवळली, की जवळ येतात.

देवळातले शिल्प आपण लांबून पाहतो. हे शिल्प पाहणाऱ्याच्या मुठीत पुरे होते. हात लागल्याशिवाय त्याचा अर्थच लागत नाही. शिवाय ते एका माणसाच्या हातात मावते, म्हणजे एका वेळी एकाच माणसासाठी असते. जेवणे झाली, पंगत उठली, पानाचे तबक पुढे आले, गप्पा सुरू झाल्या, की कातरणाऱ्याचे लक्ष बोलण्याकडे आणि बोटे त्या पितळी पोपटाच्या पाठीवर. अशी चाळीस वर्षे गेली, की पोपटाचे पंख गुळगुळीत होतात. जुन्या अडकित्त्यावर नक्षी कुठे झिजली आहे ते पाहिले, तर अंगठा कुठे टेकत होता हे आजही सांगता येते.

अडकित्ते फक्त महाराष्ट्रात होत नव्हते. गुजरातमध्ये त्याला सूडी म्हणतात आणि जामनगरची सूडी नावाजलेली आहे. पान खाण्याची चाल जिथेजिथे होती, तिथे म्हणजे श्रीलंकेपासून इंडोनेशियापर्यंत अडकित्त्याचे आपापले आकार घडले. कोलंबिया विद्यापीठातले गणितज्ञ सॅम्युएल आयलेनबर्ग हेही या वस्तूच्या प्रेमात पडले होते. आधुनिक गणितातल्या कॅटेगरी थिअरीच्या दोन जनकांपैकी ते एक. त्यांच्या अडकित्त्यांच्या संग्रहावर इंग्रजीत पुस्तक आहे. अत्यंत अमूर्त गणित करणाऱ्या माणसाला सुपारी कातरायचे हत्यार का आवडावे, याचे माझे उत्तर असे, की कमीत कमी अटी आणि त्यांच्या आत अमर्याद रूपे हे दोन्हीकडे सारखेच आहे.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला कर्करोगकारक ठरवले आहे. त्यामुळे घरोघरचे पानाचे तबक गेले याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. सवय गेली ते बरे झाले. फक्त सवयीबरोबर ती वस्तू घडवणारा हातही गेला.

तांब्या ‘डिझाइन’ आहे का?

१९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी डिझायनर दाम्पत्य भारत सरकारसाठी एक अहवाल लिहीत होते. नव्या देशाने वस्तू कशा घडवाव्यात, हा विषय. देशभर फिरून झाल्यावर त्यांनी उत्तम डिझाइनचे उदाहरण म्हणून जी वस्तू निवडली, ती ना ताजमहाल होती ना पैठणी. ती लोटा होती. आपला तांब्या त्याचाच भाऊबंद. त्यात पाणी किती मावते, भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, कुणाच्या हातात बसतो, ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो का, वाजवला तर आवाज कसा येतो, अशा प्रश्नांची यादीच त्यांनी केली. या अहवालातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

हे प्रश्न तांब्या हातात घेऊन स्वतःला विचारून पाहा. पोट गोल, म्हणजे कमी पत्र्यात जास्त पाणी. गळा आवळलेला, म्हणजे बोटे अडकवायला जागा आणि चालताना पाणी हिंदकळत नाही. काठ बाहेर वळवलेला, म्हणजे धार सुटी पडते, अंगावरून ओघळत नाही. तोंडावर फुलपात्र पालथे घातले, की झाकण झाले आणि पाहुण्याला पाणी द्यायचे भांडेही झाले.

पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईपासून तांबट कारागीर तिथे काम करत आले. त्यांच्या भांड्यांवर लहान लहान खळग्यांची ओळ असते, त्याला मठारकाम म्हणतात. बाजारात ती नक्षी म्हणून विकली जाते, पण तिचे पहिले काम वेगळे आहे. तांबे मऊ असते. हातोडीचे ठोके बसले की धातू घट्ट होतो, पातळ पत्राही ताठ उभा राहतो. मेटलर्जीच्या तासाला आम्ही याची व्याख्या पाठ केली होती. तांबटाला व्याख्या लागत नाही, ठोक्याचा आवाज बदलला की त्याला कळते. त्या खळग्यांमुळे ओल्या हातातूनही भांडे निसटत नाही आणि उजेड पडला की भांडे चमचमते. ताकद, पकड आणि सौंदर्य, सगळे एकाच ठोक्यात.

ईम्स दाम्पत्याने लोट्याकडे बोट दाखवले, तेव्हा काका केळकरांना अशाच वस्तू जमवायला लागून ३८ वर्षे झाली होती. त्यांनी अहवाल लिहिला नाही. ते भांडी घरी आणत राहिले.

याच वेळी बाहेर काय चालले होते?

केळकर एकटे नव्हते, फक्त त्यांना ते बहुधा माहीत नसावे. जपानमध्ये यानागी सोएत्सू नावाचे विचारवंत, केळकरांहून सात वर्षांनी मोठे, साधी मातीची वाडगी, टोपल्या, चहाच्या किटल्या जमवत होते. सामान्य माणसाने सामान्य वापरासाठी केलेल्या, करणाऱ्याचे नाव नसलेल्या वस्तूत सर्वांत खरे सौंदर्य असते, अशी त्यांची धारणा होती. या कलेला त्यांनी व त्यांच्या मित्रांनी १९२५ च्या सुमारास ‘मिंगेई’ म्हणजे लोककला हा शब्द दिला. १९३६ मध्ये टोकियोत त्यांचे संग्रहालय उघडले.

त्याच वर्षी, १९३६ मध्येच, पॅरिसमध्ये मेरेट ओपनहाइम या तरुण चित्रकर्तीने एक कप, बशी आणि चमचा घेऊन त्यांवर हरणाची केसाळ कातडी चढवली. हा कप आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. तो पाहिला, की आपल्याच ओठांना केस लागल्यासारखे होते. कप ही डोळ्यांनी पाहायची नाही, तर ओठांनी आणि बोटांनी कळायची वस्तू आहे, हे तिने एका झटक्यात सिद्ध केले. पण त्यासाठी तो कप कायमचा निकामी करावा लागला.

आपल्याकडेही आता हे वळण आले आहे. सुबोध गुप्ता यांनी स्टीलची ताटे, बादल्या, डबे जोडून उभारलेली प्रचंड कवटी २००६ मध्ये युरोपात गाजली. भांडी कलादालनात गेली आहेत, हे नक्की. केळकरांचा रस्ता मात्र या दोघांहून निराळा होता. त्यांनी वस्तूला हात लावला नाही. तिचा आकार बदलला नाही, तिला मोठी केली नाही. पोपटाचा अडकित्ता आजही खीळ तपासून, पाते लावून, सुपारी कातरायला घेता येईल. त्यांनी बदलली ती फक्त पाहणाऱ्याची जागा. चष्म्याचा धंदा करणाऱ्या माणसाने हे करावे यात विनोद शोधायचा मोह होतो, तो आवरतो.

मग घरोघरची भांडी मोडीत का गेली?

याला आजीला किंवा बाजाराला दोष देऊन भागणार नाही. पितळ आणि तांबे सांभाळणे हे कष्टाचे काम होते. ताक, चिंच, आमसूल असे आंबट पदार्थ या धातूंत ठेवले की कळकतात, म्हणून आतून कल्हई लावावी लागे. कल्हईवाला भाता लावून भांडे तापवी, नवसागर टाकी, मग कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने आतून पसरवी. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, त्यामुळे हे रस्त्याकडेच्या भट्टीवरही जमत असे. पण काही महिन्यांनी कल्हई उडे आणि पुन्हा पैसे मोजावे लागत. शिवाय राख, चिंच घेऊन रोज भांडी घासण्याचे काम कुणाच्या वाट्याला येई, हे वेगळे सांगायला नको. वजनदार परात उचलून उचलून पाठ कुणाची जाई, हेही.

स्टील आले आणि हे सगळे संपले. हलके, न कळकणारे, पुसले की चकचकीत. शहरात बोहारीण जुन्या साड्यांवर स्टीलची भांडी देऊ लागली, गावाकडे बाजारातल्या पालावर पितळ वजनाने घेतले जाऊ लागले. बाईच्या दृष्टीने हा तोट्याचा सौदा नव्हता. आजीला आजही तसे वाटत नाही. परातीची आठवण काढली की ती पाठीची आठवण काढते.

पण तो सौदा वजनावर होत होता, ही त्यातली मेख. तराजूला पितळ कळते. परातीचा काठ कुणी किती सफाईने वळवला, ओगराळ्याचा दांडा टोकाला सापाच्या फण्यासारखा का केला, कुणाचे नाव कुणी घातले, हे तराजूला कळत नाही. एक किलो नक्षीदार आणि एक किलो साधे यांचा भाव एकच. भट्टीत गेल्यावर दोन्हींचा नळाचा कॉक होऊ शकतो.

केळकरांच्या काळात याच्या जोडीला वाडेही पडत होते. संस्थाने विलीन झाली, इनामे गेली, मोठी घरे वाटणीत फुटली. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पुण्यातले कित्येक जुने वाडे एका दिवसात वाहून गेले. माजघरे रिकामी होत असताना हा माणूस तराजूच्या आधी तिथे पोहोचायची धडपड करत होता. सगळीकडे पोहोचणे शक्यच नव्हते. बेल्ह्यातल्या आमच्या घरापर्यंत तर नाहीच, आणि आमची परात सौदा होण्याच्या दहा-बारा वर्षे आधीच काका केळकर गेले होते.

राजाच्या नावाने

जमवणारे पुष्कळ असतात. बहुतेकांचा संग्रह त्यांच्यामागे पुढच्या पिढीत वाटला जातो, नाहीतर विकला जातो. केळकरांना हा हिशेब वेगळ्या रीतीने मांडावा लागला. ज्याच्यासाठी ठेवायचे, तो मुलगा राहिला नव्हता. त्यांनी संग्रह त्याच्या नावाने सगळ्यांचा केला. १९६२ हे संग्रहालयाच्या स्थापनेचे वर्ष मानले जाते. पुढे हा सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या हवाली झाला. बाजारभावाने यातली एक-एक वस्तू विकली असती तर काय झाले असते, हा प्रश्न आजच्या ऑनलाइन लिलावांच्या जमान्यात कुणालाही पडेल. त्यांनी दिले, विकले नाही.

भांडी, दिवे, वाद्ये, गंजिफा, चित्रे यांच्याबरोबर त्यांनी एक आख्खी वास्तूही वाचवली. कोथरूडला मस्तानीचा महाल होता. तो मोडकळीला आल्यावर केळकरांनी त्याचे लाकडी काम, खांब, महिरपी आणून आपल्या संग्रहालयात पुन्हा उभ्या केल्या. शाळेच्या सहली आजही तिथेच सर्वांत जास्त वेळ रेंगाळतात आणि सेल्फीही तिथेच निघतात. बाजीराव-मस्तानी म्हटले की गर्दी होणारच. पण दोन दालने सोडून एक साधी विळी ठेवली आहे, तिच्यासमोर सहसा कुणी नसते. निवांत पाहायचे असेल तर तिथे जावे.

काका केळकर १९९० मध्ये वारले, वयाच्या ९४ व्या वर्षी. जवळजवळ सत्तर वर्षे ते एकच काम करत होते.

त्यांच्या टोपणनावाकडे पुन्हा एकदा पाहावेसे वाटते. अज्ञातवासी. संग्रहातल्या बहुतेक वस्तूंवर करणाऱ्याचे नाव नाही. पोपटाचा अडकित्ता कोणत्या लोहाराने, कोणत्या ओतारीने केला, कुठेच लिहिलेले नाही. भांड्यावर नाव असलेच तर ते मालकिणीचे, नाहीतर आहेर देणाऱ्याचे. कारागिराचे नाव घालायची रीत नव्हती. अज्ञात राहिलेल्या हजारो हातांचे काम एका अज्ञातवासीने जमवले आणि त्यावर नाव घातले, तेही स्वतःचे नाही.

आज तिथे काय पाहायला मिळते?

संग्रहात आता २० हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्यांतल्या सुमारे अडीच हजार मांडलेल्या आहेत. म्हणजे आठातली एक. उरलेल्या सात मांडायला जागा नाही. बावधनला मोठ्या जागेत संग्रहालय नेण्याची योजना अनेक वर्षे चर्चेत आहे. तोवर अडकित्त्यांचा मोठा भाग आपल्याला दिसत नाही, असे समजून चालावे.

दुसरी अडचण काचेची. ती टाळता येत नाही. पितळेला घामाचा हात लागला की डाग पडतो, आणि रोज शेकडो हात लागले तर पोपटाचे उरलेले पंखही जातील. पण जी वस्तू हातानेच कळते, ती हाताला मना आहे, ही कोंडी जगातल्या सगळ्याच संग्रहालयांना सतावते. काही ठिकाणी हुबेहूब प्रतिकृती हाताळायला ठेवतात. आपल्याकडे तांबट आहेत, ओतारी आहेत, त्यामुळे हे अशक्य नाही. पंजाबमधल्या जंडियाला गुरू इथल्या ठठेऱ्यांच्या भांडी घडवण्याच्या कलेला २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. कसबा पेठेतल्या ठोक्यांचा आवाज त्याहून कमी जुना वाटत नाही.

गेल्या दिवाळीत आजीला पुण्याला आणले, तेव्हा संग्रहालयात नेले. मस्तानी महालात तिला फार रस वाटला नाही. अडकित्त्यांच्या कपाटाशी मात्र ती थांबली. बराच वेळ. तिचा उजवा हात पदराखाली होता आणि तो हळूहळू उघडत मिटत होता, अंगठा एका बाजूला, चार बोटे दुसऱ्या बाजूला. मग ती भांड्यांकडे गेली. प्रत्येक परातीच्या, प्रत्येक तांब्याच्या काठावर नाव आहे का, हे ती वाकून पाहत होती. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली. तिने ती पदराने पुसली आणि पुन्हा वाकली.